इंजिनाच्या तापाचे निदान : लक्षण, कारण आणि कथन

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. ‘निदान पाणी तरी पाहून घ्या’ या वाक्यात तो ‘किमान’ या अर्थाने येतो, तर ‘रोगाचे निदान’ म्हणताना कारणाचा शोध आणि त्याची निश्चिती असा अर्थ अभिप्रेत असतो. संस्कृतातील मूळ अर्थ आदिकारण हा होय. आयुर्वेदाच्या परंपरेत माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ चिकित्सेला हात न घालता केवळ रोगनिश्चयाला वाहिलेला आहे. उपाय करण्यापूर्वी कारण ओळखणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, ही जाणीव त्यामागे दिसते. ही जाणीव आधुनिक यंत्रांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा हरवलेली आढळते. मोटारीचे इंजिन तापू लागले की कारण शोधण्याऐवजी सुटे भाग बदलण्याची परंपरा आपल्याकडे रूढ झाली आहे. आज थर्मोस्टॅट, उद्या वॉटर पंप, परवा रेडिएटर, आणि एवढे होऊनही काटा पुन्हा लाल रेषेकडे चढतोच. प्रस्तुत लेखात या एका बिघाडाच्या निदानाची रीत उलगडून पाहावयाची आहे. ही रीत बरीचशी भाषेची, म्हणजे तक्रार नीट सांगण्याची आणि नीट ऐकण्याची आहे, हे त्यातील मुख्य प्रतिपाद्य होय.

या विवेचनासाठी भिलाईतील नेहरू नगर ही वसाहत डोळ्यांपुढे ठेवली आहे, ती सकारण. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून १९५६ पर्यंत, म्हणजे या प्रदेशाची राजधानी नागपुरास असेपर्यंत, दुर्ग आणि आसपासच्या मुलखाचा मराठीशी प्रशासकीय संबंध होता. त्यानंतर हा प्रदेश पुनर्रचित मध्य प्रदेशात राहिला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्यात आला. पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे या गावी आली. ग्रेट ईस्टर्न रोडच्या दोन्ही अंगांना वसलेल्या नेहरू नगरातील मराठी घरांचे नागपूर-विदर्भाशी येणेजाणे आजही असते. राजनांदगाव, बाघनदी, देवरी, साकोली, भंडारा असा हा सुमारे अडीचशे किलोमीटरांचा रस्ता. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. लग्नसराई मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांवर, गाडीत पाच माणसे आणि सामान. इंजिनाच्या परीक्षेला याहून कठीण प्रश्नपत्रिका काढणे अवघड आहे.

शिवाय तक्रार येथे भाषांतरित होऊनच गॅरेजात पोहोचते. घरात ‘गाडी तापते’ असे म्हणणारा गृहस्थ मिस्त्रीपुढे हिंदीत ‘गाड़ी हीट हो रही है’ एवढेच सांगतो, आणि मिस्त्री आपल्या सहकाऱ्याला तेच छत्तीसगढीत ऐकवतो. तीन भाषांतून प्रवास करून आलेल्या त्या वाक्यात माहिती मात्र एवढीच असते की गाडी तापते. केव्हा, कोठे, किती वेळाने, काय केल्यावर कमी झाले, यांपैकी काहीही त्यात नसते. वैद्याकडे जाऊन ‘ताप आहे’ एवढेच सांगावे आणि वैद्याने लगेच काढा उकळायला घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

‘तापणे’ हे क्रियापद मराठीने माणूस, तवा, ऊन आणि यंत्र या सर्वांना सारखेच लावले आहे. रागावलेला माणूसही तापतोच. या व्यापकतेमुळे एक घोटाळा मात्र होतो. उष्णता आणि तापमान या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा सिलिंडरमधील वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंजिनाचा माथा, ज्याला सर्वत्र ‘हेड’ म्हणतात, तो आजकाल बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणजे प्रत्येक चालते इंजिन आपल्याला वितळवू शकणारी आग पोटात बाळगूनच धावत असते. ते टिकते याचे कारण उष्णता निर्माण होताच तिला बाहेर वाहून नेण्याची व्यवस्था असते. भिलाईकरांना हे नवे वाटू नये. झोतभट्टीत तप्त हवा सोडणाऱ्या नळ्यांची तोंडे तांब्याची असतात. त्यांच्यासमोरची ज्वाळा तांब्याच्या वितळबिंदूहून कितीतरी अधिक तप्त असते, आणि तरीही ती शाबूत राहतात, कारण त्यांच्या आतून पाणी अखंड खेळत असते. ते पाणी थांबले तर तोंड काही क्षणांत निकामी होते. मोटारीच्या इंजिनाचे गणित प्रमाणाने लहान, पण जातीने तेच आहे.

इंधनातून मिळणाऱ्या एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुरासोबत निघून जाते आणि उरलेली एक तृतीयांश शीतनव्यवस्थेला बाहेर टाकावी लागते. हा एक जमाखर्च आहे. काटा वर चढतो तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की जमा खर्चाहून अधिक झाली. एकतर उष्णता नेहमीपेक्षा जास्त निर्माण होत आहे, किंवा ती वाहून नेणारा द्रव कमी पडला आहे, किंवा द्रव आहे पण फिरत नाही, किंवा फिरतो आहे पण रेडिएटरमधून हवेला उष्णता देऊ शकत नाही. पाचवी शक्यता अशी, की इंजिन तापलेलेच नाही आणि काटा खोटे बोलतो आहे. सर्व कारणे या पाच घरांत बसतात. निदान म्हणजे यांपैकी कोणते घर हे ठरवणे. घर ठरल्यावर त्यातील माणूस शोधणे फारसे कठीण नसते.

येथे व्यवस्थेची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. इंजिनाच्या भिंतींमधील पोकळ्यांतून कूलंट फिरते. वॉटर पंप त्याला ढकलतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट नावाची मेण भरलेली छोटी झडप रेडिएटरचा रस्ता बंद ठेवते. द्रव सुमारे ८२ ते ८८ अंशांना पोहोचला की मेण प्रसरण पावते आणि झडप उघडते. मग द्रव वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतो, बारीक नळ्यांतून उतरताना पातळ पत्र्यांच्या पंखांमार्फत हवेला उष्णता देतो आणि खालच्या पाइपातून इंजिनात परततो. (काही इंजिनांत झडप परतीच्या वाटेवर असते, तेथे पुढील काही खुणा उलट वाचाव्या लागतात.) मोटारीच्या आरंभकाळात रेडिएटरच नव्हता. १८८८ साली बेर्था बेन्झ यांनी केलेल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात उकळून उडणारे पाणी वाटेत पुनःपुन्हा भरावे लागले होते. मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर विल्हेल्म मायबाख यांनी १९००-०१ च्या सुमारास घडवला, तेव्हा कोठे थोड्या पाण्यात शक्तिशाली इंजिन थंड ठेवणे शक्य झाले.

रेडिएटरच्या झाकणाकडे बहुतेक वाहनधारक केवळ झाकण म्हणून पाहतात. वस्तुतः ते प्रेशर कुकरच्या शिट्टीचे भावंड आहे. त्यातील स्प्रिंग व्यवस्थेत सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब राखते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. निम्मे कूलंट, निम्मे पाणी असेल तर ही मर्यादा आणखी काही अंशांनी वर जाते. झाकणाचा रबर कडक झाला की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते, उकळून बाटलीत आणि तेथून रस्त्यावर सांडते. थोडक्या पैशांच्या या वस्तूपायी हजारोंचा रेडिएटर बदलला गेल्याची उदाहरणे गॅरेजांत नित्याची आहेत. याच दाबामुळे तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे अत्यंत घातक ठरते. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो आणि १०० अंशांच्या वर असलेला द्रव एकदम वाफ होऊन चेहऱ्यावर व हातावर उसळतो. ओला फडका घेऊन हळूच उघडण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांतील अनेकांच्या हातांवर त्याचे वण आहेत. इंजिन बंद करून तास-अर्धा तास थांबावे, वरचा पाइप हाताला कोमट आणि दाबल्यास मऊ लागला तरच झाकणाला हात लावावा. यात तडजोड नाही.

आता मे महिन्याचा विचार करू. ‘ऊनच एवढे आहे, गाडी तापणारच’ हे वाक्य नेहरू नगरात दर उन्हाळ्यात ऐकू येते. त्यात अर्धे सत्य आहे. रेडिएटर हवेला किती उष्णता देऊ शकतो हे द्रव आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. डिसेंबरातील पहाटे हवा १५ अंश आणि द्रव ९५ अंश असेल तर फरक ८० अंशांचा पडतो. मेमधील दुपारी हवा ४५ अंश असेल तर फरक ५० उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता फेकण्याची ताकद जवळपास पाच अष्टमांश एवढीच. गाडी बनवणारा ही तूट लक्षात घेऊनच रेडिएटरचा आकार ठरवतो. निरोगी गाडी ४५ अंशांतही न तापता चालली पाहिजे, आणि चालतेही. शेजारच्या फाटकातली त्याच जातीची गाडी त्याच उन्हात व्यवस्थित चालते, ही गोष्ट येथे साक्षीला घ्यावी. मात्र ज्या रेडिएटरच्या एक चतुर्थांश नळ्या गाळाने बुजल्या आहेत, त्याचा दोष डिसेंबरात झाकून जातो आणि मे महिन्यात उघडा पडतो. आयुर्वेदाच्या परिभाषेत दोष आधीच संचित झालेला असतो, ऋतू त्याचा प्रकोप घडवतो. उन्हाला कारण मानून गप्प बसणारा वाहनधारक खऱ्या कारणाला आणखी एक वर्ष मुदत देत असतो, आणि ते वर्ष हेडच्या किमतीने फेडावे लागण्याची शक्यता असते.

आयुर्वेद निदानाची पाच अंगे मानतो : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यंत्राला शरीर मानण्याचा अट्टहास येथे नाही. तथापि तक्रार सांगताना काय काय सांगावे, याचा हा आराखडा आश्चर्यकारक रीतीने उपयोगी पडतो. पूर्वरूप म्हणजे काटा चढण्याआधीच्या खुणा : बाटलीतील पातळी दर महिन्याला थोडी उतरणे, पाइपाच्या सांध्यावर वाळलेला पांढरा-हिरवट थर, बॉनेटजवळ येणारा गोडसर वास. (हा वास कूलंटमधील ग्लायकॉलचा. ते विषारी असते, आणि गोड असल्यामुळे कुत्र्यामांजरांना व लहान मुलांना त्याचा मोह पडतो. सांडलेले तसेच ठेवू नये.) रूप म्हणजे प्रत्यक्ष ताप, आणि त्यात परिस्थितीचा तपशील सर्वांत मोलाचा. उपशय म्हणजे काय केल्याने बरे वाटते, काय केल्याने वाढते. संप्राप्ती म्हणजे मूळ दोषापासून लक्षणापर्यंतची साखळी, जी शेवटी मिस्त्रीने जुळवायची असते.

रूपाचा तपशील का मोलाचा, हे दोन कल्पित प्रसंगांवरून स्पष्ट होईल. समजा, एक गाडी राजनांदगावपर्यंत मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाने निवांत जाते, पण परतल्यावर नेहरू नगर चौकात वाहनांच्या रांगेत अडकली की पाच मिनिटांत काटा चढतो, आणि पुन्हा वेग मिळताच उतरतो. दुसरी गाडी सुपेला, पॉवर हाऊस अशा गर्दीत दिवसभर फिरूनही शांत असते. पण देवरी-साकोलीच्या दरम्यान चढावर, एसी चालू, पाच माणसे, वेग ९० असे झाले की काटा वर सरकतो आणि वेग कमी केल्यावरच खाली येतो. दोन्ही घरचे लोक गॅरेजात जाऊन एकच वाक्य बोलतात, की गाडी तापते. प्रत्यक्षात या दोन गाड्यांचे आजार परस्परांच्या विरुद्ध टोकांना आहेत.

पहिल्या गाडीत द्रव पुरेसा आहे, तो फिरतो आहे, रेडिएटरही आतून मोकळा आहे, अन्यथा ८० च्या वेगाला ती तापली असती. धावताना समोरून आपोआप वारा मिळतो, उभी असताना तो पंख्याने द्यावा लागतो. म्हणून संशय सरळ पंख्यावर जातो. एसी चालू केला की बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही तर फ्यूज, रिले किंवा मोटार यांपैकी काहीतरी गेले आहे. पंख्याला थेट बॅटरीची जोड देऊन पाहिले की मोटार निर्दोष आहे की नाही ते कळते. एसीला पंखा फिरतो पण इंजिन तापल्यावर एसीविना फिरत नाही, असे असेल तर तापमान सांगणारा सेन्सर किंवा त्याची तार संशयित ठरते. ही सारी तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि तीत एकही नट खोलावा लागत नाही. अशा गाडीचा वॉटर पंप बदलणे म्हणजे पाय मुरगळलेल्याच्या डोळ्यांना चष्मा लावणे होय.

दुसऱ्या गाडीत पंखा निर्दोष असणार, कारण गर्दीत ती तापत नाही. वेग आणि चढ यांमुळे उष्णतेची जमा वाढते आणि खर्चाची बाजू तेवढी ताणली जात नाही. म्हणजे रेडिएटरची एकंदर क्षमता घटली आहे किंवा द्रवाचा प्रवाह मंद आहे. येथे भिलाईच्या भूमीचा संबंध येतो. कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणी याच जिल्ह्यातल्या. हा सारा परिसर चुनखडीच्या खडकांचा आहे, आणि अशा खडकांतून झिरपलेले बोअरचे पाणी जड असते. कपडे धुताना साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, हे घरातल्या स्त्रियांना ठाऊक असते. पण तेच पाणी पातळी उतरली म्हणून वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले जाते. पाणी तापते, चुना नळ्यांच्या आतील बाजूस बसतो, थर उष्णतेचा वाहक म्हणून निकृष्ट असतो आणि नळीही अरुंद होत जाते. आतील हा साका बाहेरून दिसत नाही. तापलेल्या रेडिएटरच्या दर्शनी भागावर अवरक्त तापमापक फिरवला तर बुजलेल्या नळ्यांचे पट्टे थंड आढळतात. रेडिएटर बाहेरूनही बुजतो. धानाच्या कापणीच्या दिवसांत उडणारा भुसा, किडे आणि धूळ एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधील फटीत जाऊन बसतात, जेथे समोरून पाहणाऱ्याची नजर पोहोचत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाने पाणी मारून ते काढावे लागते. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे मुडपतात आणि उपायच रोग होतो. याशिवाय सैल पट्टा घसरत असेल, पंपाची पाती झिजली असतील किंवा जुना खालचा पाइप वेगात आतल्या आत चिपकत असेल, तरीही चित्र असेच दिसते.

सह्याद्रीच्या घाटांत पूर्वी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर गाड्यांचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जमाखर्चाची ही ओढाताण वेगळी सांगायला नको. घाटात इंजिन पूर्ण जोर लावते आणि गाडीचा वेग मात्र बैलगाडीहून थोडाच अधिक असतो, म्हणजे जमा सर्वाधिक आणि वारा सर्वांत कमी.

दोन होज पाइपांना हात लावून बरेच काही कळते. मात्र पंखा व पट्टा यांपासून बोटे दूर ठेवून, आणि पाइप चटका देऊ शकतो याचे भान ठेवून. थंड इंजिन सुरू केल्यावर वरचा पाइप काही मिनिटे थंडच राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. तो क्षण थर्मोस्टॅट उघडण्याचा. काटा लाल रेषेला भिडला तरी वरचा पाइप थंड असेल तर झडप बंदच अडकली आहे किंवा द्रवच पोहोचत नाही. वरचा अत्यंत गरम आणि खालचा थंड असेल तर प्रवाह अडला आहे. दोन्ही जवळपास सारखेच तप्त असतील तर द्रव फिरतो आहे, पण हवा उष्णता घेत नाही. बदलण्यापूर्वी थर्मोस्टॅटची परीक्षाही घरच्या पातेल्यात होते. तो दोऱ्याने पाण्यात टांगावा, तापमापक ठेवावा, पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडला तर तो निर्दोष आहे, मग दोष दुसरीकडे शोधावा.

येथे एका रूढ उपचाराविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. उष्ण प्रदेशातील अनेक मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘आपल्याकडे याची गरज नाही’ असे त्यावर ठाम उत्तर मिळते. झडप काढल्यावर द्रव सदैव रेडिएटरमधून फिरतो आणि काटा काही दिवस खाली राहतो, हे खरे. पण मग इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते, हिवाळ्यात येतच नाही. नियंत्रक संगणक इंजिन थंड आहे असे समजून जादा इंधन सोडत राहतो, तेलात ओलावा साचतो, झीज वाढते. याहून गंभीर गोष्ट अशी, की बुजलेल्या रेडिएटरचे लक्षण दडपले जाते आणि रोग तसाच वाढतो. पंखा ‘डायरेक्ट’ करून देणे, म्हणजे किल्ली फिरवताच तो अखंड चालू ठेवणे, हा त्याचाच धाकटा भाऊ. तो त्यामानाने निरुपद्रवी, पण बिघडलेला सेन्सर त्यानेही झाकलाच जातो.

उपशयाचे उत्तम साधन प्रत्येक गाडीत असते, ते म्हणजे हीटर. भिलाईत तो वर्षभर कोणी वापरत नाही, पण तो मुळात एक छोटा रेडिएटरच आहे. काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण सोडला तर मे महिन्यात आत बसणे असह्य होईल, परंतु इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने निघून जाते. काटा उतरला तर गाडी बाजूला घेऊन थांबण्यापुरता अवधी मिळतो. आणि इंजिन तापलेले असूनही हीटरमधून थंडच हवा आली, तर द्रव अतिशय कमी झाला आहे, व्यवस्थेत हवा अडकली आहे किंवा पंप निकामी आहे, असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी इंजिन तात्काळ बंद करावे. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला तरी तेच. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे. धातू एकाएकी आकुंचन पावून तडा जाण्याचा धोका असतो.

काट्यावर किती विश्वास ठेवावा हाही प्रश्नच आहे. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. अलीकडच्या अनेक लहान गाड्यांत काटाच नाही, केवळ दिवा आहे. याहून फसवी स्थिती म्हणजे द्रव इतका कमी होणे की सेन्सर हवेतच उघडा पडावा. मग इंजिन भाजून निघत असताना काटा खाली येतो, आणि चालक निश्चिंत होतो. आधी चढलेला काटा कारणाविना एकदम कोसळला तर ते सुचिन्ह मानू नये. खरे तापमान पाहायचे तर स्कॅनर जोडून इंजिनाच्या संगणकातील आकडा वाचणे हाच मार्ग.

सर्वांत अवघड निदान हेड गॅस्केटचे. इंजिनाचा ठोकळा आणि हेड यांच्यामधील ही पातळ गादी भडका, तेल आणि कूलंट या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवते. एकदा इंजिन फार तापले की अ‍ॅल्युमिनियमचे हेड किंचित वाकते, गॅस्केट उडते आणि ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरू लागतात. हे वायू द्रवाला हुसकावतात, म्हणून इंजिन पुन्हा तापते. कार्य येथे कारण होते आणि चक्र पूर्ण होते. बाहेर कोठेही गळती नसताना पातळी उतरत राहणे, सकाळी सुरू करताच एक-दोन मिनिटांत, इंजिन गार असतानाच, वरचा पाइप कडक होणे, बाटलीत बुडबुडे येत राहणे, गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरी, गोडसर वाफ येणे, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे या त्याच्या खुणा होत. त्यांतील एखादीच दिसली म्हणून घाबरू नये. थोडी साय हिवाळ्यातील छोट्या फेऱ्यांमुळेही जमते. निश्चितीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी धरायची एक चाचणी आहे. निळ्या द्रवातून तेथील वायू खेचला जातो, आणि त्यात ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो. हेड उतरवण्याचा मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी ही चाचणी मागणे हा वाहनधारकाचा हक्क आहे.

उष्णतेची जमाच वाढली, असे प्रसंग तुलनेने विरळ; अडकलेला ब्रेक, बुजलेला सायलेन्सर, चुकीच्या क्षणी पडणारी ठिणगी किंवा अपुरे तेल ही त्याची कारणे. शीतनव्यवस्था संपूर्ण निर्दोष ठरल्यावरच तिकडे वळावे.

गॅरेजात जाताना चिठ्ठीवर चार-पाच ओळी लिहून नेल्या तर भाषांतरातील गळती पुष्कळ कमी होते. कोणत्या हिंदीत लिहिल्या हे गौण. ‘चौराहे पर खड़ी रहने पर, दस मिनट बाद, ए.सी. चालू हो तो. चलने पर उतर जाता है. पानी महीने में आधा लीटर कम’ एवढे वाचून कोणताही अनुभवी मिस्त्री प्रथम पंख्याकडे आणि मग पाण्याच्या वाटेकडे वळेल, कारण त्या ओळींत दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे त्याच्या ध्यानी येईल. बदललेला भाग परत मागून पाहावा. दुरुस्ती झाल्यावर गाडी गॅरेजाच्या दारात पाच मिनिटे चालवून ‘ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नसते. ज्या परिस्थितीत ती तापत होती तीच पुन्हा निर्माण करावी लागते : तोच चौक, तीच दुपार, तोच एसी; किंवा दुसऱ्या गाडीच्या बाबतीत तोच चढ आणि तेवढाच भार. त्यानंतर रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पातळी पाहावी, बाटलीवर खुणेची रेघ मारावी आणि पंधरा दिवसांनी, पुन्हा थंड इंजिनावरच, पातळी त्या रेघेशी ताडून पाहावी.